आमच्या मुलांस पाठांतरच काय म्हणून ?

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील आमच्या वाचकांची घरे म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांची, मेंढपाळांची, सुतार-लोहार-कुंभारांची आणि हंगामात ऊस तोडणाऱ्यांची घरे होत. या घरांतील मूल जून महिन्यात दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागते, तेव्हा आईबापांच्या मनात एकच इच्छा असते : आपण फसलो तसे हे फसू नये; कोणी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करण्याची पाळी याच्यावर येऊ नये. इच्छा रास्त आहे. पण ती फळास येते काय, हे आम्ही आज आमच्या बंधुभगिनींस विचारीत आहोत.

मूल आठवीत गेले म्हणजे काय दिसते ते पाहा. पाढे घडाघडा म्हणते, कविता म्हणते, इतिहासातले सनही सांगते. परंतु साखर कारखान्याची काटापावती त्याच्या हाती द्या. भरलेल्या गाडीचे वजन अमुक, रिकाम्या गाडीचे तमुक. आता बाळा, आपला ऊस किती भरला, टनाला एवढा भाव तर पैसे किती झाले, आणि कापून किती घेतले, असे विचारा. पुष्कळ घरांतील मूल गप्प राहते. तेच गणित त्याने वहीत शंभर वेळा केलेले असते; पण वहीतले गणित आणि पावतीतले गणित एकच आहे हे त्याला कोणी दाखविलेले नसते. ग्रामपंचायतीस दोन ओळींचा अर्ज लिहावयाचा तर पदवी घेतलेला मुलगाही दुसऱ्याचा अर्ज समोर ठेवून उतरवून काढतो.

हा दोष मुलांच्या बुद्धीचा आहे, असे म्हणणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. आमचे मत उलट आहे. बुद्धी शाबूत आहे. मुलाला शिक्षणाच्या पहिल्या पायरीवर उभे करून तेथेच ठेवण्यात आले आहे.

पायऱ्या कोणत्या, ते सांगतो. मुलाचे वय वाढते तशी त्याच्या बुद्धीची जात पालटते, आणि ज्या वयात जी शक्ती जागी होते त्या वयात तिलाच खुराक दिला पाहिजे, हा विचार फार जुना आहे. युरोपात जुन्या काळी विद्यार्थ्यास प्रथम व्याकरण, मग तर्क आणि शेवटी वक्तृत्व शिकवीत. डोरोथी सेयर्स नावाच्या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे व्याख्यान देऊन या तीन विद्यांची सांगड मुलाच्या तीन वयांशी घातली. पहिले वय पोपटाचे : या वयात मुलाला घोकण्यात, यमकात, नावे गोळा करण्यात गोडी वाटते. दुसरे वय भांडखोर : मूल मोठ्यांच्या बोलण्यात चुका काढते, उलट उत्तर देते, 'असे का?' म्हणून हैराण करते. तिसरे वय स्वप्नाळू : त्याला स्वतःचे असे काही बोलावेसे व करावेसे वाटते. पहिल्या वयात पाठांतर, दुसऱ्यात तर्क, तिसऱ्यात आपले म्हणणे नीट मांडण्याची कला, असा तो क्रम. मुलांना विषय पुष्कळ शिकवितात, पण विचार कसा करावा हे शिकवीत नाहीत, हे त्या बाईंचे गाऱ्हाणे होते. आमचे गाऱ्हाणे तरी याहून निराळे काय आहे?

आमच्याकडील शास्त्रीमंडळी म्हणतील की, यात नवे काय? बृहदारण्यक उपनिषदात श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगितलेच आहे. खरे आहे, सांगितले आहे. पण कोणासाठी? गृह्यसूत्रे काढून पाहा. ब्राह्मणाच्या मुलाची मुंज आठव्या वर्षी, क्षत्रियाची अकराव्या वर्षी, वैश्याची बाराव्या वर्षी. शूद्राच्या मुलास कोणते वर्ष? कोणतेच नाही. मुलींसाठी मनुस्मृतीने लग्न हीच मुंज ठरवून टाकली. म्हणजे वयाप्रमाणे शिक्षण हे तत्त्व येथे ठाऊक होते. परंतु आमच्या मुलास वयच नव्हते! तो जन्मला तो कामाचा गडी म्हणून, आणि मेला तोही कामाचा गडी म्हणूनच. आमचे भांडण कोणा एका जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही. शिडी एकाच घरात टेकवून ठेवणाऱ्या मक्तेदारीशी ते आहे.

आणि गंमत अशी की, ज्यांना शास्त्राने बाहेर ठेवले त्यांच्याच घरांत हा पायऱ्यांचा क्रम पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. लोहाराचे पोर आधी भात्यावर बसते. हत्यारांची नावे, लोखंडाचा रंग, घणाचा ताल त्याच्या अंगात मुरतो. ही झाली पहिली पायरी. मग ते विचारू लागते की, दादा, विळा पाण्यात आताच का बुडवला, जरा आधी का नाही? ही दुसरी. शेवटी एके दिवशी बाप बाजूला सरतो आणि पोर स्वतः खुरपे घडवून गिऱ्हाइकाच्या हाती देते. ही तिसरी. कुंभाराचे मूल आधी माती मळते, मग भाजताना मडके का तडकले ते विचारते, मग चाकावर बसते. कोणताही कारागीर मुलाला आठ वर्षे नुसता भाता ओढावयास लावून 'तू आता लोहार झालास' असे म्हणत नाही. असे करणाऱ्यास गाव हसेल. शाळेने मात्र हेच केले, आणि कोणी हसत नाही!

महात्मा जोतीराव फुले यांनी हे १८८२ सालीच ओळखले होते. हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितले की, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे असावेत. आणि शिक्षक कसा असावा? नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटत नाही, असा. शक्य तो शेतकरी वर्गातलाच. या मागणीचे मर्म ध्यानात घ्या. रुमणे धरणारा मास्तर 'का?' या प्रश्नाला भीत नाही, कारण शेतात दररोज तोच प्रश्न उभा असतो. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढून मुलाच्या एका हातात पुस्तक व दुसऱ्या हातात कुदळ दिली. ही आमची परंपरा.

याच दौंड तालुक्यात केडगाव येथे दुसरा एक प्रयोग झाला, त्याचीही आठवण ठेवली पाहिजे. पंडिता रमाबाई जन्माने ब्राह्मण, पुढे धर्माने ख्रिस्ती. धर्मांतरावरून त्यांच्यावर चोहोंकडून आग पाखडली जात असता १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेणारे जोतीरावच होते. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाची बालोद्यान पद्धती शिकून घेतली. लहान मुलाला आधी खेळ, गाणे, वस्तू हाताळणे आणि मग अक्षर, असा तिचा रोख. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना आणून रमाबाईंनी केडगावच्या माळावर आसरा दिला. तेथे लहानांस बालोद्यान होते आणि मोठ्या मुलींस छापखाना, विणकाम, शेती असे हातचे धंदे होते. ज्यांना कोणतेच वय नव्हते अशा मुलींस तेथे वयाप्रमाणे शिक्षण मिळाले. आमच्यातील किती जणांना हे ठाऊक आहे?

आता आजची स्थिती पाहू. सरकारने २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पायऱ्या मान्य केल्या आहेत : तीन ते आठ वर्षांपर्यंत पायाभूत, आठ ते अकरा पूर्वतयारी, अकरा ते चौदा मध्य, चौदा ते अठरा माध्यमिक. कागदावर हे ठीक आहे. पण पायरी कागदावर आखली म्हणून ती पायाखाली येते असे नाही. आम्हांस तीन ठिकाणी शंका आहे, ती उघड सांगतो.

पहिली गोष्ट पायाची. पायाभूत म्हटलेल्या पाच वर्षांपैकी पहिली तीन वर्षे आमचे मूल अंगणवाडीत असते. म्हणजे सर्व इमारतीचा पाया घालण्याचे काम अंगणवाडीसेविकेकडे आले. तिला काय मिळते? पगार नव्हे, मानधन. मुलांचे वजन घ्या, आहार वाटा, नोंदी भरा, सर्वेक्षणाला जा, आणि उरलेल्या वेळात पाया घाला! गवंड्याला मजुरी देताना हात आखडायचा आणि पुढे भिंत तडकली म्हणजे विटेला नावे ठेवावयाची, असा हा न्याय आहे. पायाचे महत्त्व सरकारास खरोखर पटले असेल, तर त्याची खूण सेविकेच्या हाती पडणाऱ्या रकमेत दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट फिरत्या घरांची. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, मेंढरांचे वाडे घाटाखाली उतरतात. परत यावयास उन्हाळा उजाडतो. तिकडून आमच्या तालुक्यांतील कारखान्यांच्या फडांवर व गुऱ्हाळांवर परमुलुखातली कुटुंबे लेकरांसह येऊन उतरतात. या मुलांचे वय चालत असते, पायरी मात्र मागे राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलास त्याच्या वयाच्या वर्गात बसविण्यास सांगितले. पण त्याच कलमात हेही सांगितले की, इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी त्याला विशेष शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. कलमाचा पहिला अर्धा भाग पाळणे सोपे. हजेरीपटावर नाव चढविले की झाले. दुसऱ्या अर्ध्या भागाला माणूस लागतो, वेळ लागतो, जीव लागतो. तो भाग राहिला, की अकरा वर्षांचे मूल पाचवीच्या बाकावर बसून पहिलीच्या अक्षरांशी झटत राहते, वर्गाच्या हसण्याचा विषय होते, आणि एके दिवशी आपण होऊन कोयत्याकडे वळते. मग आम्हीच म्हणतो, 'त्याचे डोके शाळेत चालत नव्हते.'

असे होणे अटळ आहे काय? मुळीच नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांत काम केले, तेव्हा गुरांमागे गेलेली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडली नाहीत. जेथे गुरे चरतात त्या कुरणावरच शाळा नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. वाडा हलतो, मग शाळा का हलू नये?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती घरी बसलेल्या मुलांसही लागू आहे. ती म्हणजे दुसऱ्या पायरीची भीती. अकराव्या-बाराव्या वर्षी मूल 'का?' विचारू लागते. हे वय विद्येचे खरे सुगीचे दिवस. पण शाळेत त्यास म्हणतात, 'मध्ये बोलू नकोस, उत्तर लिहून घे.' घरी आपण म्हणतो, 'मोठ्यांना उलटून बोलतोस?' बाजारात तयार उत्तरांची पुस्तके मिळतात. प्रश्न कोणते येणार तेही छापून मिळते. मूल बापडे पोपटाच्याच पिंजऱ्यात दहावीपर्यंत पोचते. ज्याने कधी 'का?' विचारले नाही तो पुढे व्यापाऱ्याला तोलाचे, सावकाराला व्याजाचे आणि पुढाऱ्याला निधीचे कारण कसे विचारणार? बहुजनसमाजाची मुले पाठांतरावरच राहावीत यात कोणाकोणाची सोय आहे, हे वाचकांनीच ताडावे.

तिसऱ्या पायरीची कथा याहून वाईट. मुलाने तोंड उघडले की प्रथम त्याच्या बोलीला हसतात. 'नाही' म्हणण्याऐवजी 'न्हाई' म्हटले, की विचार राहिला बाजूला, उच्चाराचीच थट्टा. ज्या बोलीत आईने त्याला जग दाखविले तिचीच लाज वाटू लागली, की मूल मुके होते. प्रमाण भाषा त्याला आलीच पाहिजे, त्यात सूट नको. पण ती बोलीच्या खांद्यावर उभी राहून यावी, बोलीला तुडवून नव्हे. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याचा सरकारी निर्णय निघाला आणि लोकांच्या विरोधामुळे जून अखेरीस मागे घ्यावा लागला. त्या वादात पुष्कळांनी भाषेचा अभिमान पाहिला. आम्हांस त्यात मुलाचे वय दिसले. ज्या लेकराचे स्वतःच्या भाषेतील अक्षर अजून बसावयाचे आहे, त्याच्या डोक्यावर तिसरे गाठोडे कोणत्या पायरीच्या हिशेबाने ठेवता?

येथे काही सुधारक बंधू म्हणतील की, मग पाठांतरच बंद करा. त्यांसही आमचा विरोध आहे. पाढे पाठ नसलेल्या मुलाला काटापावतीचा हिशेब बाजारात उभ्याउभ्या करता येणार नाही. सात-आठ वर्षांचे मूल घोकण्यास कंटाळत नाही, उलट त्यास ते खेळासारखे वाटते. त्या वयात पाढे, म्हणी, झाडांची व नक्षत्रांची नावे त्याच्या ओंजळीत भरपूर टाकावीत. पैसेवाल्यांची मुले शिकवणीत पाढे पाठ करणार आणि आमच्या मुलांस मात्र 'आनंददायी' म्हणून सूट, ही सूट नव्हे, लूट आहे. पहिली पायरी मोडा असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावर कायमचा मुक्काम नको, एवढेच आमचे म्हणणे.

आणखी एका धोक्याची सूचना देतो. पायऱ्यांचे शास्त्र चुकीच्या हाती गेले, की त्याचे नवे वर्णाश्रम होण्यास वेळ लागत नाही. 'तुमच्या मुलाची बुद्धी हाताची आहे, पुस्तकाची नाही. त्याला लवकर कामाला लावा,' असा सल्ला आमच्याच घरी का येतो? हाताची बुद्धी आणि डोक्याची बुद्धी अशी वाटणी निसर्गाने केलेली नाही. याचा पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेने नापास ठरविलेली मुले त्यांनी हाताशी धरली. वर्कशॉप, शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, घर व आरोग्य अशी चार क्षेत्रे, आणि काम करता करता शिकणे ही पद्धत. लोखंडी त्रिकोण जोडून घुमटाचे घर उभारणाऱ्या मुलाला कोन म्हणजे काय आणि चौकोन हलतो पण त्रिकोण का हलत नाही, हे फळ्यावर समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न त्याच्या हातातच उभा राहतो. कलबाग २००३ साली गेले, पण त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट राहिली : हात हा डोक्याचा शत्रू नव्हे, तो डोक्याकडे जाणारा रस्ता आहे. मूल कामातून तर्काकडे गेले पाहिजे. तर्क सोडून कामाकडे ढकलले जाता कामा नये.

आता करावयाचे काय? सरकारकडे मागणे मागत राहूच. पण स्वतःच्या हातचे काम आधी करावे, हा सत्यशोधकांचा शिरस्ता आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. ही समिती म्हणजे कागदावर सही करण्याची जागा नव्हे. मायबहिणींनो, तेथे जा आणि विचारा : ऊसतोडीहून परतलेल्या मुलांस विशेष शिक्षण कोण, कोणत्या वेळी देतो? वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलास शाबासकी मिळते की छडी? आठवीतल्या मुलामुलींनी वर्षातून निदान एकदा गावापुढे उभे राहून गावच्या पाण्याचा, रस्त्याचा किंवा रेशनचा विषय मांडला काय?

आणि घरी? तुम्हांस अक्षर येत नसले तरी चालेल. रात्री भाकरी खाताना मुलाला तीन गोष्टी विचारा. आज काय पाठ केलेस? ते तसेच का? आणि आता मला कळेल असे समजावून सांग. लहानग्याला पहिला प्रश्न पुरे. दहा-बाराच्या मुलाला दुसऱ्यापर्यंत न्या, आणि त्याने उलट तुम्हांसच विचारले तर रागावू नका; येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, उद्या मास्तरांना विचारून मलाही सांग' म्हणा. मोठ्याला तिसऱ्यावर थांबवा, तुम्हांस समजेपर्यंत सोडू नका. ज्या आईला अक्षर येत नाही तिला समजेल असे जो सांगू शकतो, त्याची तिसरी पायरी चढून झाली असे खुशाल समजावे.

पूर्वी आमच्या मुलांस शाळेच्या दाराबाहेर ठेवले होते. ते दार जोतीराव-सावित्रीबाईंनी उघडले. आज मुले आत आहेत, पण उंबऱ्याजवळच बसविलेली आहेत. त्यांस उठवून आत, वर नेणे हे आपले काम आहे. ते दुसरे कोणी करील म्हणून वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी पाढे म्हणत म्हणत फडावर जाईल.